रोस्टरमधला ‘६’ कुणाच्या घामाचा?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरं-पोरी आज कारखान्यात, गोदामात, मॉलमध्ये कंत्राटावर राबतात. त्यांची ड्युटी आता मुकादमाच्या वहीत लिहिली जात नाही. सुपरवायझर कॉम्प्युटरवर रोस्टर बनवतो आणि ते मोबाईलवर येऊन पडतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते, ‘आठवड्यात जास्तीत जास्त किती दिवस?’ तिथे ६ भरलेले असतात. हे ६ कंपनीच्या मोठ्या मनातून आले, असं आपल्या तरुणांना वाटत असेल तर चूक आपलीच आहे. आपण त्यांना इतिहास सांगितला नाही.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांना महिन्याला ४ सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांना काहीच नाही. तेव्हा उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक साथी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या वतीने निवेदन दिलं. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अशा मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे १०,००० कामगार आले आणि त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. (आमच्या पाठ्यपुस्तकांना त्या कधी दिसल्याच नाहीत.) १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढच्याच वर्षी साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. साहेबाला चर्चला जायचं होतं म्हणून आपल्याला रविवार मिळाला, असं सांगणाऱ्यांना या तारखा दाखवा.

तासांचंही तसंच. १९२२ ला आठवड्याला ६०, १९३४ ला बारमाही कारखान्यांत ५४. ते ४८ वर आले १९४६ च्या दुरुस्तीने, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं.

आता खरी गोम. ‘आठवड्याला ६’ भरलं की झालं का? नाही. समजा तुमची सुट्टी या आठवड्यात रविवारी टाकली आणि पुढच्या आठवड्यात शनिवारी. सॉफ्टवेअर दोन्ही आठवडे तपासतं, ६ आणि ६, सगळं हिरवं. पण मधले दिवस बोटांवर मोजा, सलग १२ दिवस काम! ही पळवाट १९४८ च्या कारखाने कायद्याने ओळखली होती. सुट्टीचा दिवस बदलता येईल, पण त्यामुळे सलग १० दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये, असं त्याचं कलम ५२ सांगत होतं. म्हणजे यंत्राला दोन मर्यादा सांगाव्या लागतात, आठवड्याची आणि सलग दिवसांची. दुसरी चौकट रिकामी सोडली तर यंत्र काहीच अडवत नाही.

आणखी एक प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. एकाच माणसाला दोन कंत्राटदारांच्या नावावर दोन आयडी. यंत्राच्या लेखी ती दोन माणसं, दोघांचे दिवस वेगवेगळे मोजले जातात. राबणारं शरीर मात्र एकच.

लोखंड्यांच्या काळी मालक समोर दिसायचा, निवेदन कुणाला द्यायचं ते कळायचं. आज विचारलं की उत्तर येतं, ‘सिस्टिमने लावलंय.’ सिस्टिमला कुणीतरी आकडा सांगितलेला असतो, साथींनो. त्याचं नाव लेखी मागा. मागच्या दोन महिन्यांच्या रोस्टरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि दोन सुट्ट्यांच्या मधले दिवस स्वतः मोजा.