आगबोट, आगगाडी आणि आपला विसर

मराठीने वाफेवर चालणाऱ्या दोन्ही वाहनांची नावे एकाच शब्दापासून घडवली. पाण्यावर चालली ती आगबोट आणि रुळांवर धावली ती आगगाडी. भाषेच्या लेखी या दोघी सख्ख्या बहिणी. कोकणच्या इतिहासात मात्र त्यांच्या भेटीला फार उशीर झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. दहा वर्षांत, १८६३ साली, लोहमार्ग बोरघाट चढून देशावर पोचला. कोकणच्या उंबरठ्यावर जन्मलेल्या या आगगाडीला दक्षिण कोकणातून सलग धावण्यासाठी मात्र १९९८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाची मुंबईची वाट प्रामुख्याने समुद्रावरून जात होती. त्या वाटेवर जे अपघात झाले, आणि पुढे लोहमार्गावर जे झाले, त्यांच्याशी आपला समाज कसा वागला हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम ही वाट रोजच्या जगण्यात कशी मुरली होती ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कामकरी आगबोटीने आला आणि त्याची मनीऑर्डर गावी पोचू लागली. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे वेळापत्रकाच्या ओळीसारखी लोकांच्या तोंडी बसली होती. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर नेले जाई. हेलकावणाऱ्या बोटीच्या शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतरणे, तेही कडेवर पोर आणि हातात ट्रंक घेऊन, ही गोष्ट कोणास साहस वाटत नसे. बोट लागून आडवे झालेल्याची थट्टा होई आणि त्यालाच लिंबू दिले जाई. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद. तोवर ज्याला गाव गाठायचे त्याने घाटवाटा तुडवाव्यात, नाहीतर मुंबईतच थांबावे.

या व्यवस्थेतील एक विसंगती आम्हांस फार बोलकी वाटते. याच रत्नागिरी जिल्ह्यातील शेकडो खलाशी पी. अँड ओ.सारख्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर नोकरीस होते. ज्या मोठ्या बंदरांत त्यांची जहाजे लागत, तेथे रूळ थेट गोदीपर्यंत आलेले असत. मालाच्या वाघिणी जहाजापाशी उभ्या राहत. हा माणूस रजेवर निघाला की शेवटच्या टप्प्यात त्याला पडावातच उतरावे लागे. समुद्राची भाकरी खाणाऱ्या कोकणाने आगगाडीचा ध्यास घेतला, तो समुद्राला कंटाळून घेतला असे आम्हांस वाटत नाही. जे जगात इतरत्र रोजचे आहे ते आपल्या दारी का नाही, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी त्यासाठी हयात खर्ची घातली. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी तो प्रश्न संसदेत नेला.

आता अपघातांकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावरील आगबोटींच्या इतिहासात पहिले मोठे नाव येते ते 'वैतरणा'चे. शेफर्ड कंपनीची ही बोट १८८५ साली बांधली गेली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून ती मुंबईस निघाली. द्वारका आणि पोरबंदरच्या बाजूने येताना ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे तिच्यावर होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, आणि मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विद्यार्थी होते. पुढे चौकशी झाली. जीवरक्षक होड्या आणि जाकिटे पुरेशी नव्हती असे निष्पन्न झाले. लोकांच्या स्मृतीत मात्र चौकशी उरली नाही. उरले ते गुजराती लोकगीत, आणि पुढे १९५४ साली गुणवंतराय आचार्यांनी लिहिलेली कादंबरी.

'वैतरणा' बुडाल्यावर सातच महिन्यांनी, १२ जून १८८९ रोजी, आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ रविवारच्या धर्मशाळेच्या मुलांना सहलीस नेणारी आगगाडी चढणीवर अडली. इंजिनाला सगळा भार ओढवेना म्हणून गाडी दोन भागांत तोडली गेली. मागचे डबे उतारावरून सुटले आणि पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली. त्यांत लहान मुले बरीच होती. वस्तुतः सर्व डब्यांना एकदम लागणारे आणि डबे तुटताच आपोआप आवळणारे ब्रेक तेव्हा उपलब्ध होते. एका वेळी रुळाच्या एका टप्प्यात एकच गाडी सोडण्याची पद्धतही माहीत होती. कंपन्या खर्चाकडे बोट दाखवून टाळाटाळ करीत होत्या. आर्मानंतर तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश संसदेने कायदा करून उतारूंच्या गाड्यांसाठी या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

दोन्ही अपघातांत मुले होती आणि दोन्हींत ठाऊक असलेला उपाय वापरलेला नव्हता. मग एकाचा कायदा का झाला आणि दुसऱ्याचे गाणेच का झाले? रूळ जमिनीवर असतात, मोडलेला डबा पुरावा म्हणून समोर पडून राहतो, आणि समुद्र पुरावा गिळतो, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच. जहाजांचे कायदे होऊच शकत नव्हते असेही नाही. सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांच्या अंगावर भाररेषा आखावी लागली होती. आमच्या मते उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा की, आर्माच्या मृतांचे नातलग ज्या राज्यात राहत होते तेथे मंत्र्याला संसदेत उभे राहून जबाब द्यावा लागे. कच्छ-काठेवाडच्या आईबापांपुढे जबाब देण्यास कोणी बांधलेला नव्हता. ज्याला जाब विचारता येतो त्याच्या दुःखाचा नियम होतो. ज्याला विचारता येत नाही त्याच्या दुःखाचे गाणे होते. गाणे थोर असेल, पण त्याने पुढच्या बोटीवर एकही होडी वाढत नाही.

हा धडा मराठी किनाऱ्यालाही गिरवावा लागला. परकीय कंपन्यांना उत्तर म्हणून एतद्देशीयांनी सहकारी तत्त्वावर जी आगबोट कंपनी चालवली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. 'माझी' या शब्दात केवढा अभिमान होता! बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे दिलेली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी 'रामदास'ची पाळी आली.

१७ जुलै १९४७. आषाढातली गटारी अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. जेमतेम दीड तासाचा प्रवास. त्यामुळे ऐन पावसाळ्यातही ही फेरी चालू असे. बोटीवर सणासाठी गावी निघालेले चाकरमानी होते, बाजार करून परतणारे लोक होते. मुंबईचा किनारा फार दूर गेलेला नसताना वारा आणि लाटा वाढल्या. बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईच्या इतक्या जवळ एवढे घडले, पण मुंबईला त्याची खबर लागायला कित्येक तास गेले. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी दर्यात फेकून त्या जागी माणसे घेतली असे सांगितले जाते. त्या दिवशी जी काही व्यवस्था कामास आली ती एवढीच.

अवघ्या २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. त्या जल्लोषात आणि फाळणीच्या आकांतात 'रामदास' मागे पडली यात नवल नाही. अलिबाग-उरणकडच्या घराघरांत मात्र ती राहिली. गटारीच्या दिवशी पाण्यावर पाऊल टाकू नये, हा तिचा तेथील वारसा. आम्ही या समजुतीची चेष्टा करणार नाही. ज्यांना दुसरे काही मिळाले नाही त्यांनी स्वतःसाठी केलेला तो नियम आहे. पण त्यात दोष अमावास्येकडे जातो, हे लक्षात ठेवावे लागते. बिनतारी यंत्राचा अभाव, भर पावसाळ्यातील फेरी, जाकिटांची मोजदाद हे सगळे प्रश्न त्या एका तिथीआड झाकले जातात.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग, करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, हे सर्व आठ वर्षांत उभे राहिले. कोकणी माणसाने गणपतीचे आरक्षण हा नवा सण पत्करला आणि बंदरांची ओळ विसरून स्थानकांची ओळ पाठ केली. पण सह्याद्रीचा पाऊस तोच होता. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईस येणारी सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर आदळली आणि पन्नासच्यावर माणसे गेली. वर्ष पुरते उलटले नव्हते तोच, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेस आंबवली येथील पुलावरून खाली कोसळली. कारण पुन्हा रुळावर आलेले दगड.

म्हणजे येथेही पहिला अपघात पुरला नाही. तरी त्यानंतर जे झाले ते 'रामदास'च्या वेळेपेक्षा निराळे होते. कोणी अमावास्या शोधली नाही. डोंगराचे उतार कमी केले गेले, दगड अडवणाऱ्या जाळ्या लागल्या, पर्जन्यमापके बसली, धोक्याच्या जागी रात्रंदिवस पहारेकरी उभे राहिले. गाड्यांचा वेग उतरवला गेला. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, असा दंडक आला. दर जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि गाड्या अधिक वेळ घेतात. आपण उतारू घड्याळ पाहून कुरकुर करतो. वास्तविक तो जास्तीचा वेळ हेच त्या दोन गाड्यांतील माणसांचे स्मारक आहे. दगडी चौथऱ्यापेक्षा ते बरे, कारण ते दर वर्षी काम करते.

एवढ्यावर लेख संपवता आला असता तर आम्हांस आनंद वाटला असता. परंतु १८ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच मुंबई बंदरात, गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मेली. 'नीलकमल'वर परवान्यापेक्षा जास्त उतारू होते आणि बहुतेकांच्या अंगात जाकिटे नव्हती. बोटीत बसताना प्रत्येकाने जाकीट घातलेच पाहिजे, हा हुकूम त्यानंतर निघाला. 'वैतरणा'नंतर १३६ वर्षांनी आणि 'रामदास'नंतर ७७ वर्षांनी.

तेव्हा आगबोट वाईट आणि आगगाडी चांगली असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट जाते. समुद्राची वाट मोडलेली नाही, आणि ती मोडू नये असेच आम्हांस वाटते. फरक पडतो तो अपघातानंतर आपण कोणास जाब विचारतो यात. दर्याला आणि तिथीला बोल लावणे सोपे, कारण ती उत्तर देत नाहीत. पावसाळ्यात गाडी उशिरा धावते हे ज्या समाजाने पत्करले, त्याला भरलेली बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहणेही जमायला हवे.