ओढणारा पंखा

चतुर्थी आटोपली, माटोळी उतरली आणि दुसऱ्याच रविवारी भाचा एक इंग्रजी कॅटलॉग घेऊन घरी हजर झाला. "मामा, तू इतिहास घेऊन बी. ए. झालास ना? मग हे वाचून सांग."

बी. ए.चा आणि बोटीच्या पंख्याचा संबंध काय, असे मी विचारले नाही. सरकारी कारकुनाला इंग्रजी कागद वाचायची सवय असते, एवढ्यावरच घरातले लोक त्याला सर्वज्ञ समजतात.

भाच्याने कर्ज काढून एक जुनी बोट घेतली आहे. साळ नदीच्या मुखाजवळ ती चालवतो. पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद आणि हप्ते मात्र चालू. अडचण अशी की, पाठीमागे वॉटर स्कीवर माणूस लावला की इंजिन नुसते कण्हते. जरा वजनदार पाहुणा असला तर तो पाण्याबाहेर येतच नाही, नाकातोंडात पाणी जाऊन दोर सोडून देतो. पंख्यावर १९ हा आकडा होता. भाच्याचे म्हणणे, "२१ नंबरचा घेतो. मोठा नंबर, मोठी ताकद." पैसे जेमतेम एकाच पंख्याचे होते. चुकला असता तर तो हंगाम गेला असता.

मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितले आणि वाचायला बसलो. वाचता वाचता यंत्र बाजूला राहिले आणि मी शिरलो इतिहासात. वाचकहो, तिथे जे सापडले ते सांगण्यासाठीच हा लेख.

बोटीचा पंखा हे एका शेतकऱ्याचे काम आहे, यावर विश्वास बसेल? फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडनचा शेतकरी. त्याने १८३६ साली जहाज पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याच वर्षी स्वीडनच्या जॉन एरिक्सननेही लंडनमध्येच आपले पेटंट घेतले. त्याआधी ऑस्ट्रियाच्या योसेफ रेसेलने १८२७ मध्ये घेतलेच होते. शोध एकाचा नसतो, तो बहुधा काळाचा असतो.

स्मिथचा पहिला स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेटोळ्यांचा. १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. आता बोट थांबणार, असे सगळ्यांना वाटले. पण ती अधिक जोरात पळू लागली! स्मिथ शहाणा माणूस. त्याने अपघाताला दोष न देता त्याच्याकडून धडा घेतला आणि पुढे एकाच वेटोळ्याचा स्क्रू केला. जास्त म्हणजे चांगले नव्हे, हे पंख्याच्या इतिहासाने पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.

दुसरा प्रसंग १८४५ चा. ब्रिटिश आरमारात बाजूच्या चाकांवर चालणारी जहाजे बरी की स्क्रूची, हा वाद जोरात होता. रॅटलर या जहाजाला वेगवेगळ्या आकारांचे स्क्रू बसवून तपासणी झाली होती. मग ३ एप्रिल १८४५ रोजी रॅटलर आणि चाकांचे अलेक्टो यांची शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावण्यात आली. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाके पूर्ण जोरात उलट दिशेने फिरत असताना, ताशी दोन-अडीच सागरी मैलांनी मागे ओढत नेले. गंमत अशी की, स्क्रूची जहाजे बांधायचे आदेश आरमाराने त्याआधीच दिले होते. निर्णय आधी आणि प्रात्यक्षिक नंतर! हे वाचून मला आमचे खाते आठवले. शिवाय रॅटलरचे इंजिन प्रत्यक्षात जास्त जोर देत होते, म्हणजे सामना अगदी बरोबरीचाही नव्हता. पण लोकांच्या लक्षात राहिले ते ओढत नेलेले जहाजच.

आता पंख्यामागे दोर धरून उभ्या राहणाऱ्या माणसाकडे येऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे, पेपिन सरोवराच्या काठी. तिथला राल्फ सॅम्युअलसन हा पोरगा १९२२ च्या उन्हाळ्यात बर्फावर घसरतात तसे पाण्यावर घसरायच्या वेडाने पछाडला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. काही जमेना. शेवटी त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन पाइनच्या फळ्या घेतल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यात त्यांची टोके मऊ करून वर वाकवली आणि पायासाठी चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीची दोरी. बोट चालवायला भाऊ बेन. कितीदा तरी पडल्यावर २ जुलैला त्याने अंग मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणिसावे वर्ष लागणार नव्हते, ते पूर्ण होणार होते.

१९२५ मध्ये त्याने तेलकट केलेल्या उतरणीवरून उडी मारली, पाण्यावर उतरणाऱ्या विमानामागेही तो घसरला. पण पेटंट घेतले नाही. ते १९२५ सालीच फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच माणसाने घेतले. सॅम्युअलसन पुढे टर्की पाळत जगला. १९६६ साली अमेरिकेतल्या वॉटर स्की संघटनेने त्याला या खेळाचा जनक म्हणून मान्यता दिली, चव्वेचाळीस वर्षांनी! कागद नसला की हक्क कसा हरवतो, हे मी टेबलावर रोज पाहतो. इथे निदान गावाने त्याच्या फळ्या जपल्या होत्या.

या सगळ्यातून भाच्याला काय मिळाले? एक गोष्ट स्पष्ट झाली. स्कीवाल्याला पळवणे सोपे, पाण्यातून उठवणे कठीण. पंख्यावरचा १९ हा आकडा ताकदीचा नाही, तो पिच. म्हणजे पाणी लाकडासारखे घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा १९ इंच पुढे गेला असता. सायकलच्या गिअरसारखेच हे. चढाला जड गिअर टाकणारा धापा टाकतो.

मग मी कागदावर गणित मांडले. इंजिनाचे ५००० फेरे, मध्ये निम्मा करणारा गिअर, म्हणजे पंख्याचे २५००. १९ पिचला कागदोपत्री वेग येतो ताशी ७२ किलोमीटर, १७ ला ६५. प्रत्यक्षात पंखा पाण्यात थोडा घसरतो, म्हणून वेग त्याहून कमीच. पण स्कीच्या मोठमोठ्या स्पर्धांतही स्लॅलममध्ये बोटीचा कमाल वेग ५८ च असतो. मग हौशी पाहुण्याला ७२ कशाला?

"पूर्ण जोरात, मागे माणूस असताना काटा कुठे जातो?" मी विचारले.

"४८००."

इंजिनाच्या पुस्तकात ५००० ते ६००० लिहिले होते. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. म्हणजे १७ ला काटा जागेवर येणार. २१ घेतला असता तर इंजिन आणखी घुसमटले असते. मागे कोणी नसताना काटा ६००० च्या वर जात नाही ना, तेही पाहायला बजावले.

ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात १७ चा पंखा बसला. मी काठावर उभा होतो. मित्रांपैकी सर्वांत जाडा होता त्यालाच पाण्यात उतरवले. बोट सुटली, दोर ताणला आणि तो ओरडत उभा राहिला. काटा ५१५० वर. परत आल्यावर मित्र पाण्यात बोटीजवळ आला, तेव्हा भाच्याने आधी इंजिन बंद केले. तेवढे मी सांगितले नव्हते, त्याचे त्यालाच ठाऊक होते.

"मामा, इतिहास कामाला आला," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तो कॅटलॉग, आकड्यांचा कागद आणि पंख्याची पावती एका फायलीत घालून वर तारीख टाकली.