विजेची गाडी : एका पराभूताचे पुनरागमन

विजेवर चालणाऱ्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींना हद्दपार करतील काय, हा प्रश्न हल्ली आमच्या स्टाफरूममध्येही चहाबरोबर निघतो. विज्ञान शाखेचे सहकारी बॅटरीच्या गुणदोषांविषयी बोलतात, वाणिज्य शाखेचे सरकारी अनुदानाविषयी, आणि आम्हां मराठीच्या मंडळींकडून बहुधा श्रोत्याच्या भूमिकेचीच अपेक्षा असते. परंतु या चर्चेमागील एक गृहीतक आम्हांस पहिल्यापासून खटकत आले आहे. पेट्रोलची गाडी जुनी, विजेची नवी, आणि नवे हे कधी ना कधी जुन्याची जागा घेणारच, असे सगळेच धरून चालतात. वाङ्मयाचा इतिहास शिकवणाऱ्याने तरी इतक्या सरळ क्रमावर विश्वास ठेवू नये. विजेची गाडी एकदा येऊन, चांगली नांदून, मग हरून गेलेली आहे. ती का हरली हे पाहिल्यावाचून आता ती जिंकेल की नाही हे सांगता येणार नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

२९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या अशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने मोटारीतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला. रस्त्यावरच्या वाहनाने हा टप्पा गाठण्याची ती जगातील पहिली वेळ, आणि वाहन होते विजेचे. गाडीचे नाव 'ला जामे कॉन्तांत', म्हणजे 'कधीच तृप्त न होणारी'. त्याआधी, १८९७ मध्ये, लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत विजेवरच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या होत्या. १९०० साली अमेरिकेत सुमारे चार हजार मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या आणि विजेच्या प्रत्येकी दीड हजारांहून अधिक होत्या, पेट्रोलच्या हजाराच्याही आत. त्या वर्षी कोणी पैज लावली असती, तर पेट्रोलवर लावणाऱ्यास लोकांनी वेड्यात काढले असते. पेट्रोलची गाडी धूर सोडी, हादरे देई, आणि सुरू करायची तर समोर उभे राहून हँडल मारावे लागे. उलट फिरलेल्या हँडलने मनगट मोडणे ही त्या काळची परिचित दुखापत होती.

मग झाले काय? पुष्कळ ठिकाणी याचे एकच उत्तर दिलेले असते : १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास संपला, आणि विजेची गाडी मागे पडली. उत्तर खोटे नाही, आणि त्यात एक मौजही आहे. पेट्रोलच्या गाडीने विजेच्या गाडीला हरवले ते एक लहानशी बॅटरी आणि एक लहानशी विजेची मोटर पोटात घेऊन. पण हे उत्तर अपुरे आहे. १९०१ मध्ये टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा लागला. १९०८ मध्ये हेन्री फोर्डचे 'मॉडेल टी' ८५० डॉलरांना बाजारात आले आणि १९२५ पर्यंत त्याची किंमत तीनशे डॉलरांच्याही खाली उतरली. उलट विजेच्या गाड्या महागच राहिल्या. शिवाय अमेरिकन शेतकऱ्याच्या घरी वीजच नव्हती. १९३० च्या सुमारासही तिथल्या दहा शेतवाड्यांपैकी जेमतेम एकीत विजेचा दिवा होता. पेट्रोल मात्र डब्यात भरून कोठेही नेता येई. गाडी गावाबाहेर जाऊ लागली तसा विजेच्या गाडीचा प्रदेश आक्रसत गेला. दोष मोटरीचा नव्हता. तारा जिथे पोहोचल्या नव्हत्या तिथे गाडीही पोहोचू शकत नव्हती.

भाषेच्या अभ्यासकांसाठी यात आणखी एक धागा आहे. विजेची गाडी शांत, स्वच्छ, चालवायला सोपी, म्हणून तिच्या जाहिराती मुख्यतः स्त्रियांना उद्देशून लिहिल्या गेल्या. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी वापरीत असत. हळूहळू ती 'बायकांची गाडी' ठरली, आणि एकदा असे ठरल्यावर पुरुष गिऱ्हाईक तिच्याकडे वळेना. गाडीचा आवाज, तिचा धूर, तिच्याशी करावी लागणारी झटापट, हे जे उणे होते तेच मर्दानीपणाचे लक्षण बनले. आज आपल्याकडे बुलेटच्या आवाजावर जीव टाकणारे तरुण पाहिले की आम्हांस हे हटकून आठवते. विजेच्या मोटारसायकलीत मुद्दाम आवाज घालण्याचे प्रयत्न होतात ते उगाच नव्हे.

आपल्याकडची कथा निराळी आहे, कारण आपल्याकडे विजेची गाडी मोटारीच्या रूपाने आलीच नाही. ती ट्राम होऊन आली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती बंद होण्याच्या सुमारास, १९०५ मध्ये, कंपनीकडे तेराशेहून अधिक घोडे होते. एवढ्या घोड्यांचा दाणावैरण, तबेला, लीद, आजारपण यांचा व्याप डोळ्यांसमोर आणला म्हणजे ७ मे १९०७ रोजी सुरू झालेली विजेची ट्राम लोकांना केवढी स्वच्छ वाटली असेल याची कल्पना येते. घोड्याची जागा प्रथम विजेने घेतली, पेट्रोलने नव्हे. पेट्रोलची बस मुंबईत आली ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर.

आणि मग इतिहास उलटा चालू लागला. बसला रूळ नको, डोक्यावर तार नको; रस्ता असेल तिथे ती जाईल, आणि रस्ता बांधण्याचा खर्च तिच्या तिकिटावर पडत नाही. ट्रामचे रूळ मात्र ट्रामच्याच खात्यावर. शहर उत्तरेकडे वाढत गेले, रस्त्यांवर मोटारी वाढल्या, आणि त्यांच्या मधोमध संथपणे चालणारी ट्राम ही अडगळ ठरली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला गर्दी लोटली होती असे सांगतात. पण निरोपाच्या गर्दीने काही थांबत नसते. ट्राम जात असतानाच, ११ जून १९६२ रोजी, गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली होती. रबरी चाके, पण डोक्यावर विजेच्या तारा, असा तो मधला मार्ग होता. तोही २४ मार्च १९७१ रोजी बंद झाला. त्या काळी याला प्रगती म्हणत. रस्ता मोकळा झाला असे म्हणत. त्या मोकळ्या रस्त्याचे पुढे काय झाले ते मुंबईकर जाणतात.

मात्र याच मुंबईत विजेचे एक वाहन कधीच हरले नाही, आणि गंमत म्हणजे त्याला 'इलेक्ट्रिक वाहन' म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची रेल्वे धावली, देशातील पहिली. लोकलने रोज कामावर जाणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या विजेवरच प्रवास करीत आला आहे. मग आजच्या प्रश्नातील 'गाड्या' म्हणजे कोणाच्या गाड्या, हे विचारावेसे वाटते. हा प्रश्न स्वतःची मोटार असणाऱ्यांचा आहे, आणि तो सर्वांचा म्हणून मांडला जातो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. मुंबईतील गिरण्यांना आणि रेल्वेला लागणारी वीज सह्याद्रीतून आली. त्या विजेसाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण घातले आणि सुमारे पन्नास गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीला, तेथे मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे मोठे सहकारी. लढा १९२४ पर्यंत चालला, बापट तुरुंगात गेले, धरण झाले. विजेचा दिवा लागतो तिथे धूर दिसत नाही हे खरे, पण ती जिथून येते तिथेही काही घडत असते. आज भारतातील विजेचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा भाग कोळशापासून होतो. विजेची गाडी शहरातील धूर कमी करील याविषयी आम्हांस शंका नाही, आणि विजेची मोटर इंधनाचा उपयोग पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरीने करते हेही मान्य. पण शहराची हवा स्वच्छ होत असताना चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या छायेत राहणाऱ्यांना तिच्याबद्दल काय वाटते, हेही कोणी विचारावे.

आता वर्तमानाकडे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. कौतुकाने सांगितला जाणारा हा आकडा खराच आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथील रस्त्यांवरच्या विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून जेमतेम अधिक झाली, आणि डिझेलच्या तरीही त्यांच्या पुढेच होत्या. विक्री आणि वापर यांत इतके अंतर असते, कारण गाडी पंधरा-वीस वर्षे चालते. आणि हे नॉर्वेसारख्या देशात, जिथे जवळजवळ सारी वीज पाण्यापासून होते आणि सरकारने नव्वदीच्या दशकापासून करसवलती दिल्या. भारतात २०२४ मध्ये नव्या मोटारींत विजेचा वाटा शेकडा दोन-अडीचच्या घरात होता. मात्र तीनचाकींच्या विक्रीत तो निम्म्याच्या पुढे गेला होता. म्हणजे आपल्याकडे ही वाट रिक्षावाल्याने आधी धरली, मोटारवाल्याने नाही. रिक्षावाला रोजच्या कमाईतून इंधनाचा खर्च वजा करतो. त्याला हिशेब कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची दुमजली बस आली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलची शेवटची जुनी दुमजली बस निघाली. तिलाही निरोप द्यायला गर्दी होती. पुण्यात त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, 'चेतक' हे नाव विजेवरच्या स्कूटरला मिळाले. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव १९७२ मध्ये पेट्रोलच्या स्कूटरने घेतले होते. आता ते विजेने घेतले. वाहने जातात, नावे उरतात, आणि नव्या वाहनालाही जुन्या नावाचा आधार लागतोच.

आमच्यापैकी एकाकडे अशीच विजेवरची स्कूटर आहे. गाडीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती इमारतीच्या खाली प्लग मिळवण्याबद्दल. सोसायटीच्या सभेत तीनदा विषय निघाला : मीटर कोणाच्या नावावर, आग लागली तर जबाबदारी कोणाची, आणि सामायिक विजेतून एकट्याने का भरायचे. तोवर बॅटरी काढून, पिशवीत घालून, तिसऱ्या मजल्यावर नेणे चालू आहे. अमेरिकन शेतकऱ्याच्या अडचणीहून ही अडचण फारशी निराळी नाही. गाडी तयार आहे. तार तिथवर येत नाही.

तेव्हा आमचा अंदाज विचाराल तर तो असा, की नव्या गाड्यांच्या दुकानात पेट्रोल यथावकाश हरेल, आणि या खेपेस ते हरणे टिकेलही, कारण बॅटरी स्वस्त होत चालली आहे आणि या वेळी सरकारेही विजेच्या बाजूने उभी आहेत. परंतु 'जागा घेणे' हे क्रियापद ज्या स्वच्छ अर्थाने वापरले जाते त्या अर्थाने ते आमच्या पिढीत तरी घडणार नाही. याचा दाखला शहरात शोधण्याची गरज नाही. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या गावी, विहिरीवर आहे.

शहरात 'मोटार' म्हटले की चारचाकी गाडी. गावात 'मोटार' म्हणजे विहिरीवरचा विजेचा पंप. 'मोटार जळली' हे वाक्य शहरी माणसाला आणि शेतकऱ्याला दोन वेगळी चित्रे दाखवते. त्या विहिरीवर आधी बैलांची मोट होती (मोट आणि मोटार यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते). मोटेनंतर तेलावरचे इंजिन आले. किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना १९४६ चा. त्या इंजिनाचा ठोका रानारानांत ऐकू येई. मग गावात वीज आली आणि इंजिनाची जागा मोटारीने घेतली. म्हणजे आज रस्त्यावर जी लढाई सुरू आहे ती आपल्या शेतात कधीच लढून झाली, आणि वीज जिंकली. पण पुढे भारनियमन आले, रात्रपाळीची वीज आली, कमी दाबाने मोटारी जळू लागल्या. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी इंजिन विकलेले नाही. ते गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवले आहे, डिझेलचा डबा शेजारी. आठवड्यातून एकदा ते सुरू करून पाहतात.