वाघिणीला पत्ता असतो : मॉडेल रेल्वेने जपलेलं शंटिंग

या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे मॉडेल रेल्वे. पण गोल रुळावर फिरत राहणारी खेळण्यातली गाडी नाही हं. कारखाने, खाणी, गोदामं यांना माल पोचवणाऱ्या औद्योगिक लाईनचं मॉडेल, आणि मुख्य म्हणजे ते 'चालवणं'. माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो: खऱ्या रेल्वेने जवळपास सोडून दिलेलं एक काम या छंदवाल्यांनी जिवंत ठेवलंय.

ते काम म्हणजे शंटिंग. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. वॅगनची वाघीण झाली, जंगलाशी काही संबंध नाही. पूर्वी एकाच मालगाडीत वेगवेगळ्या ठिकाणच्या वाघिणी असायच्या. यार्डात गाडी फोडायची, सांधे बदलत एकेक वाघीण योग्य रुळावर ढकलायची, पुन्हा गाडी जुळवायची. यात गणित होतं, अंगमेहनत होती आणि जिवाला धोकाही होता.

मॉडेलमध्ये हे कसं आलं? १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्रँक एलिसन नावाचे गृहस्थ 'डेल्टा लाइन्स' हे मॉडेल चालवत. मूळचे नाटकवाले. ते म्हणत, देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे पात्रं, वेळापत्रक म्हणजे कथानक. म्हणजे नुसतं नेपथ्य बघायला कोण तिकीट काढेल? गाडीला काहीतरी काम हवं!

पण काम द्यायचं कसं? १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी 'मॉडेल रेलरोडर' मासिकात एक सोपी पद्धत मांडली. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड. कार्डाला खिसा, खिशात चिठ्ठी: कुठून निघाली, कुठे जायची, आत काय. पुढे अशी चिठ्ठी रूढ झाली जिला चार बाजू, म्हणजे चार फेऱ्या. वाघीण पोचली की चिठ्ठी उलटायची, नवा पत्ता तयार. खऱ्या रेल्वेच्या वेबिलचीच ही छोटी आवृत्ती. हातात कार्डांचा गठ्ठा आला की गाडी तुमच्या ताब्यात आली. आपल्या भाषेत सांगायचं तर संगणकाशिवाय चालणारा डेटाबेस.

आता खरी गंमत. कारखान्याच्या साइडिंगला एकच तोंड असतं. शेवटी गेलेली वाघीण आधी बाहेर येते. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी ओळखलं असेल, हा स्टॅक आहे! कोळसा बॉयलरपाशीच हवा, टँकर पाइपापाशीच हवा. आतली रिकामी वाघीण काढायची तर पुढच्या सगळ्या आधी बाहेर, आणि नंतर परत जिथल्या तिथे.

यावर इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी 'इंगलनूक साइडिंग्ज' हे छोटंसं मॉडेल केलं. तीन साइडिंग: एकीत ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत ३-३. इंजिनाच्या रुळावर इंजिन आणि ३ वाघिणी. एकूण वाघिणी ८. त्यातल्या ५ चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. अशा किती गाड्या होऊ शकतात? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०. एका फळीवर मावणारं हे कोडं! सायमन ब्लॅकबर्न या गणितज्ञाने त्यावर चक्क शोधनिबंध लिहिलाय.

मोठ्या मॉडेलची अडचण वेगळी. एचओ स्केल म्हणजे १:८७. खऱ्या १ किलोमीटरला साधारण साडेअकरा मीटर लागतात. एवढी जागा कोणाकडे? ओहायोतल्या ॲलन मॅक्लेलँड यांनी 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही काल्पनिक कोळसा-लाईन उभी केली. त्यांचं सूत्र असं की आपली लाईन तळघरात संपत नाही. गाडी दिसेनाशी होते तिथे लपवलेले रूळ असतात, रंगमंचाच्या विंगेसारखे. तिथून ती 'उरलेल्या देशात' जाते आणि तिथूनच परत येते.

कोळशाच्या मॉडेलांत आणखी एक युक्ती वापरतात. एका बाजूला खाण, भिंतीच्या पलीकडे वीजकेंद्र, आतून रूळ एकच. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी वीजकेंद्रातून रिकाम्या बाहेर येतात, आणि वीजकेंद्रात ढकललेल्या भरलेल्या वाघिणी खाणीतून भरलेल्या निघतात. कोळशाचा कणही हलत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी पूर्ण रेक एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी न्यायला सुरुवात केली. निर्णय तर्काचा होता: वाघिणी यार्डात पडून राहायच्या, पूर्ण रेक भराभर पोचतो. पण यार्डांचं महत्त्व गेलं आणि त्यासोबत एकेक वाघीण हाताळायचं कसबही विरत गेलं.

मुंबईच्या पोर्ट ट्रस्टची रेल्वे आठवा. १९१५ मध्ये सुरू झालेली, बॅलार्ड पिअर ते वडाळा. गोद्या, धान्याची गोदामं, शिवडीकडे कापसाची. कापसाची वाघीण इकडे, धान्याची तिकडे. आज तिथे ती वर्दळ नाही. रूळ कुठे होते ते नकाशात सापडेल. त्यावर दिवसभर काम कसं चालायचं, हे मात्र काम केलेल्या माणसांकडूनच कळेल, आणि ती माणसं आता म्हातारी झालीत.

जतन म्हटलं की आपण वस्तू जपतो, पण वस्तू जाते. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांचं 'गोरी अँड डिफीटेड' हे जगप्रसिद्ध मॉडेल. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि दहाएक दिवसांत मॉडेल आगीत गेलं. पण त्यांनी १९७२ मध्ये मांडलेलं 'टाइमसेव्हर' हे शंटिंगचं कोडं आजही लोक बनवतात, कारण ते नियमांत उतरवलेलं होतं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. जरूर बघा. आणि तुमच्या घरात, चाळीत कोणी सांधेवाले, शंटर, गोदीतले कारकून असतील तर त्यांना 'गाडी कशी होती' एवढंच विचारू नका. विचारा: सकाळी पहिली वाघीण कुठली हलवायचात, आणि का? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. एखादी फळी, आठ वाघिणी आणि ते उत्तर, एवढ्यावर पोर्ट ट्रस्टचा एक कोपरा पुन्हा चालू होऊ शकतो.

रेकॉर्डिंग मिळालं तर आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!