पाटीवरचा एक शब्द

शाकाहारी हॉटेलात डोसा मागवताना शेजारी कोण बसलंय, हे आपण बघतही नाही. जुन्या मद्रासमध्ये मात्र असल्या हॉटेलांच्या पाटीवर ‘ब्राह्मणाळ’ लिहिलेलं असायचं. म्हणजे हॉटेल ब्राह्मणांचं. काही ठिकाणी तर ब्राह्मणांची बसायची जागाही वेगळी!

१९५० साली संविधान आलं. कलम १५ मध्ये हॉटेलांचा चक्क उल्लेख आहे: जातीवरून कुणाला अडवायचं नाही. (शाळेत हे कलम पाठ केलं, पण त्यातलं हॉटेल कुणी दाखवलंच नाही.) दार उघडलं, पाटी तशीच. म्हणून १९५७ मध्ये पेरियार यांच्या कार्यकर्त्यांनी ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेसमोर निदर्शनं सुरू केली. अटक व्हायची, पुन्हा नवे लोक हजर. असं कितीतरी महिने. शेवटी मालकाने तो शब्द काढला.