खरेशास्त्री: दोन पिढ्यांनी वाचलेले दप्तर

१/५
खर्ड्याच्या लढाईत (१७९५) मराठी फौजांचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांनी केले. पटवर्धन घराण्याचा पत्रव्यवहार आज छापील रूपात वाचता येतो, तो मिरजेतील एका संस्कृत शिक्षकामुळे: वासुदेव वामन खरे.

२/५
१८५८ साली गुहागर येथे जन्मलेले खरेशास्त्री कवी व नाटककारही होते. मिरजेत अध्यापन करीत असताना पटवर्धनांच्या दप्तराने त्यांना कायमचे बांधून घेतले.

३/५
रुमालांत बांधलेले मोडी कागद वाचावयाचे, बालबोधीत उतरवावयाचे, मित्या जुळवून क्रम लावावयाचा, मग घटनांचा संदर्भ सांगणारी प्रस्तावना लिहावयाची. शाळा सांभाळून चाललेल्या या श्रमांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग प्रसिद्ध होत गेले.

४/५
या पत्रांचे मोल कशात आहे? बखरकाराला शेवट ठाऊक असतो; छावणीतून पत्र लिहिणाऱ्याला उद्याचा दिवसही ठाऊक नसतो. त्याची चिंता, अंदाज आणि चूकही कागदावर जशीच्या तशी उरते.

५/५
१९२४ साली शास्त्रीबुवा निवर्तले, तेव्हा काम अपुरे होते. पुढील भागांचे संपादन त्यांचे पुत्र यशवंत वासुदेव खरे यांनी केले. परंपरा पितृऋण आणि ऋषिऋण वेगळी मानते. या पुत्राने दोन्ही एकाच कामात फेडली. म्हणून एखाद्या ग्रंथाच्या तळटीपेत ‘खरे, ऐ. ले. सं.’ दिसले, तर तेथे क्षणभर थांबावे. त्या पाच अक्षरांमागे बापलेकांचे आयुष्य आहे.