पुसलेल्या फिती

माझी हयात युनियनच्या कचेरीत गेली; म्हणून ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेची कथा मला निराळी बोचते. बीबीसीने ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली आणि पुढे १९७८ पर्यंत तिचे कित्येक जुने भाग पुसून टाकले. दोन इंची चुंबकीय फीत महाग. पुसली की पुन्हा वापरता येई.

पण दुसरे कारण आमच्या घरचे. इक्विटी या नटसंघटनेच्या करारामुळे भाग ठराविक मुदतीत, मोजक्याच वेळा पुन्हा दाखवता येत. जुनाच खेळ लागत राहिला तर नव्या नटाची चूल कशी पेटायची? ही मागणी मीही केली असती. मात्र दाखवता येत नाही ते सांभाळायचे कशाला, असा हिशेब मालकाने केला. आणि ‘जपून ठेवा’ हे कलम मागायचे, खरे सांगतो, मलाही सुचले नसते.

१९८३ साली ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’ ही पहिली कॅसेट सुमारे ४० पौंडांना विक्रीस आली. घरोघर व्हिडिओ आले तसे पुसलेल्याचे मोल कळले! मग परदेशी केंद्रांना विकलेल्या १६ मिलिमीटर प्रतींचा शोध. हाँगकाँगहून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग परतले, १९९२ साली त्यांची कॅसेट निघाली. नायजेरियात सापडलेले नऊ भाग २०१३ साली जाहीर झाले.

उरलेल्यांचे चित्र गेले, आवाज मात्र राहिला. तो राखला सामान्य प्रेक्षकांनी, घरच्या टेपरेकॉर्डरवर. त्याच आवाजावर चित्रे हलवून ‘द इन्व्हेजन’चे दोन हरवलेले भाग २००६ साली डीव्हीडीवर आले.